नाट्यवाचनाच्या भूमिका: माणसं नंतर, आधी जोड्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका सोसायटीत दर महिन्याला अकरा जण नाटक वाचायला जमतात. आठ बायका, तीन पुरुष. वयं पंचावन्न ते अठ्ठ्याहत्तर. वर्षभर छान चाललं, पण आता भूमिका वाटायची वेळ आली की रुसवेफुगवे सुरू होतात. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर सत्तरीच्या काकांना सोळा वर्षांची मुलगी आली आणि वाचन हसण्यावारी गेलं. पुढच्या महिन्यात 'वाडा चिरेबंदी' घ्यायचं ठरलंय. वाटणी कशी करायची, कुणी करायची, आणि एकाला दोन भूमिका वाचाव्या लागल्या तर काय, हे प्रश्नकर्त्या ताईंना हवंय.

ताई, मी सदाशिव पेठेत वीसेक वर्षं असाच एक गट चालवते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तोंड न बघता आवाजावरून माणूस ओळखायची सवय तिथली, आणि वाचनाच्या कामी मला कुठल्याही शिबिरापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली. त्यामुळे पुढचं सगळं कानाच्या बाजूनं आलेलं आहे, एवढं धरून चाला.

तुमचं बिनसतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर. पुस्तक उघडलं की पात्रपरिचयाचं पान येतं, आणि आपण वरून खाली नावं वाचत जातो: हे काकाजी जोशीकाकांना, ही गीता तुला, ती उषा मला. यात प्रत्येकाला एक सुटं माणूस मिळतं. नाटक मात्र सुट्या माणसांचं नसतं, दोघांच्या मधलं असतं. 'तुझे आहे तुजपाशी' घ्या, १९५७ सालचं. सगळ्यांना काकाजी हवे असतात. गटातला सर्वांत रसाळ वाचणारा काकाजी होतो आणि आचार्य उरलेल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतात. मग अर्ध्या तासात नाटक पातळ होतं. कारण काकाजींचा ऐसपैसपणा ऐकू येतो तो आचार्यांच्या ताठरपणाला घासून. आचार्य कच्चे निघाले की काकाजी नुसतेच गप्पिष्ट म्हातारे वाटतात. आणि दोघंही भारदस्त, संथ, खर्जातले मिळाले तर आणखी पंचाईत: ऐकणाऱ्याला कोण बोलतंय तेच कळत नाही. रंगमंचावर धोतर, टोपी, झोपाळा असं काहीतरी मदतीला असतं. वाचनात फक्त आवाज.

म्हणून भूमिका माणसाला देऊ नका, जोडीला द्या. आधी नाटकातल्या जोड्या शोधायच्या आणि त्यांना गटातल्या आवाजांच्या जोड्या लावायच्या.

त्यासाठी चौकटीच्या वहीचं मोठं पान घ्या. उभ्या ओळीत पात्रांची नावं, आडव्या ओळीत तीच नावं. नाटक एकदा शांतपणे वाचायचं आणि कोण कोणाशी बोललं की त्या चौकटीत एक रेघ मारायची. वाक्यागणिक नाही हो, प्रसंगागणिक. नाहीतर वेड लागेल. दोन संध्याकाळी जातात. पान भरलं की दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांना दिसतात. दाट रेघांच्या चार-पाच चौकटी म्हणजे नाटकाचे खांब. तिथे आवाज एकमेकांपासून वेगळे हवेत, आणि दोघांनी आधी एकदा तरी एकत्र बसून वाचलेलं हवं. आणि ज्या चौकटी कोऱ्या राहिल्या, ती माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. एकानं दोन भूमिका वाचायच्या तर त्या कोऱ्या चौकटीतूनच उचलायच्या.

वाक्यं मोजणारे असतातच प्रत्येक गटात. "माझी किती वाक्यं आहेत?" हा प्रश्न रंगभूमीइतकाच जुना असावा. मी वाक्यं मोजत नाही. किती पानांवर या माणसाचं तोंड उघडतं, ते मोजते. चाळीस पानांवर एकेक वाक्य असलेली भूमिका ही सहा पानांवर पल्लेदार बोलणाऱ्या भूमिकेपेक्षा मोठी असते, कारण तिच्या वाचकाला सगळा वेळ जागं राहावं लागतं. हे एकदा गटाला समजावलं की "मला छोटीच भूमिका देतात" ही तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी कमी होत नाही.

आता तुमचं 'वाडा चिरेबंदी'. महेश एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलं. तुमच्यासाठी ते जणू मापून शिवल्यासारखं आहे. पात्रं दहा: दादी, आई, वहिनी, अंजली, प्रभा, रंजू या सहा बायका, भास्कर, सुधीर, चंदू आणि पराग हे चार पुरुष. अकरावी खुर्ची रंगसूचना वाचणाऱ्याची. तुमच्याकडे पुरुष तीनच. तेव्हा तिघं भाऊ तिघांना, पराग हा कोवळा मुलगा एखाद्या बाईंना, आणि रंगसूचनाही एका बाईंना. आठ बायका, आठ कामं. आकाशवाणीवर मुलांचे आवाज बायकांनी काढलेले आपण लहानपणापासून ऐकलेत. पराग बाईनं वाचला तर कुणालाही खटकणार नाही, फक्त आवाज मुद्दाम बारीक करू नये. पोरगा वाचायचा, कार्टून नाही.

पण हिशोब जमला म्हणजे वाटणी झाली असं नाही. खरी मेख तिघा भावांत आहे. भास्कर, सुधीर, चंदू एका घरातले, एका रक्ताचे, आणि तरी त्यांना वेगळं ऐकू यायला हवं. भास्कर थोरला, वाड्याचा आब आणि वाड्याचं कर्ज दोन्ही त्याच्या डोक्यावर. त्याला वाक्याच्या शेवटी टेकणारा, सावकाश वाचणारा माणूस द्या. सुधीर मुंबईहून आलेला, त्याच्या बोलण्यात लोकलची घाई असते. तो भास्करच्या वाक्याची शेपटी पुरती खाली पडायच्या आत आपलं सुरू करणारा हवा. चंदू फार बोलत नाही, राबतो. इथे सगळे चुकतात. चंदूची वाक्यं कमी म्हणून तो नवख्या किंवा 'बिचाऱ्या' वाचकाला देतात. तसं करू नका. चंदू अशा माणसाला द्या ज्याला गप्प बसता येतं. तुमच्या तिघांतला सर्वांत बोलका गृहस्थ चंदू झाला तर तो मधल्या शांततेत हुंकार भरेल, घसा खाकरेल, पानं सळसळवेल, आणि शेजारणीला नाटकातलं वऱ्हाड समजावून सांगेल.

बायकांमध्ये दोन सुना म्हणजे भास्करची बायको वहिनी आणि सुधीरची बायको अंजली. रेघा मोजाल तर त्यांच्या आपसातल्या चौकटीपेक्षा नवऱ्यांबरोबरच्या चौकटी जास्त दाट निघतील, पण ऐकणारा मात्र त्यांना सतत शेजारी ठेवून तोलत असतो. घरातल्यांची बोली विदर्भातली, अंजली मुंबईची कोकणस्थ. इथे पुणेकरांना एक आयता फायदा आहे: अंजलीची भाषा आपल्याला वेगळी शिकावी लागत नाही. तुमच्यात कुणी अमरावती, अकोला, यवतमाळकडचं असेल तर तिला अंजली देऊन फुकट घालवू नका; वहिनी किंवा आई द्या. कुणीच नसेल तर छापलंय तसं सरळ वाचा. नक्कल करू नका. पुण्याच्या तोंडची वऱ्हाडी नक्कल पाचव्या मिनिटाला टिंगल वाटायला लागते, आणि तेरवीच्या खर्चावरून भाऊ भांडतात त्या घरात टिंगल शोभत नाही. ओळखीतल्या एखाद्या वऱ्हाडी माणसाला चहाला बोलावून चार पानं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. लय तेवढ्यानं कानात बसते. शब्द पुस्तकात आहेतच.

वहिनी आणि भास्कर ही या नाटकातली सर्वांत नाजूक जोडी. रात्री दागिने काढून बसतात तो प्रसंग तर दोघांनी आधी वेगळा वाचून यावा असाच. गटात खरं नवरा-बायको असेल तर त्यांना ही जोडी देऊ नका, हा माझा अनुभवाचा सल्ला. आम्ही एकदा दिली होती. आमच्याकडचं ते जोडपं पस्तीस वर्षांच्या सवयीनं एकमेकांचं बोलणं न ऐकता आपापलं वाचत गेलं. दुसऱ्या अंकापर्यंत भास्करच्या वाक्यावर वहिनी "हे माझं वाक्य आहे" म्हणून भांडली, आणि ते भांडण संहितेपेक्षा जास्त रंगलं.

आता अकराव्या खुर्चीकडे येते, कारण माझ्या मते ती पहिली भरायची असते. रंगसूचना छापलेल्या असतात कंसात. म्हणून आमच्या गटात त्या वाचणाऱ्याला कंसमामा म्हणतात, मग ती बाई का असेना. नव्या गटांत हे काम उशिरा आलेल्याला किंवा "मला काही जमत नाही बाई" म्हणणारीला देतात. अक्षरशः उलटं करायला हवं. कंसमामा हा नाटकाचा प्रकाश, नेपथ्य आणि दार असतो. कोण आलं, कोण गेलं, दिवस मावळला, कुणी रडतंय, हे सगळं त्याच्या आवाजातून होतं. त्याची पट्टी कोरडी हवी. "ती रडते" हे वाचताना मामा स्वतः रडवेला झाला की पुढच्या वाचकाला करण्यासारखं काही उरत नाही.

कंस सगळे वाचायचेही नसतात. "हसून", "रागानं", "क्षणभर थांबून" हे ज्यानं त्यानं करून दाखवायचं, मामांनी सांगायचं नाही. जे दिसल्याशिवाय कळणार नाही तेवढंच वाचायचं: प्रवेश, जाणं, हातातली वस्तू, वेळ, जागा. 'वाडा चिरेबंदी'त अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. कुणी त्याच्याबद्दल बोलत नसतानाही तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राहायला हवा, आणि ते मामांचं काम. सुरुवातीचं वाड्याचं वर्णन घाईत उरकू नका. दीड मिनिट लागेल, लागू द्या. मामांनी आदल्या आठवड्यात पेन्सिल घेऊन कंस गाळायचे, पात्रांची नावं कुठे घ्यायची ते ठरवायचं. प्रत्येक वाक्याआधी नाव वाचत सुटलात तर नाटकाची जनगणना होते. प्रवेशात पात्र पहिल्यांदा बोलतं तेव्हा एकदाच नाव, मग आवाजावर विश्वास.

एकानं दोन भूमिका वाचण्याबद्दल. तुम्हाला या खेपेला लागणार नाही असं वाटतंय, पण लागेल. अकरातला एक जण त्या दिवशी येतच नाही. कोऱ्या चौकटीचा नियम वर सांगितला. त्यात एक भर अशी की दोन्ही भूमिका पट्टी बदलून वेगळ्या करायला जाऊ नका. आपण हौशी माणसं, दहा मिनिटांनी पट्टी घसरतेच. वेग बदला. एक पात्र सरळ वाचणारं, दुसरं शब्दाशब्दाला टेकणारं. वेग टिकवायला गळा लागत नाही, लक्ष लागतं. शिवाय दुसऱ्या पात्राच्या वेळी मान दुसऱ्या बाजूला वळवायची, एवढं पुरतं. चष्मा काढणं-घालणं, डोक्यावर पदर घेणं असले प्रकार मी बंद केलेत.

भूमिका एकत्र करण्याची एक सक्तीची जागाही असते, आणि ती लोक विसरतात. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' (१९६२) वाचायचं म्हटल्यावर एका गटानं मला उत्साहानं सांगितलं, "पाच वेगवेगळी मोठी पात्रं आहेत, आम्ही पाच जणांना दिली." लखोबा लोखंडे एकाला, दिवाकर दातार दुसऱ्याला! अहो, तो एकच भामटा आहे, हेच तर नाटक. प्रभाकर पणशीकर पाचही रूपं एकटे करायचे आणि झटपट दृश्यं बदलावीत म्हणून फिरता रंगमंच होता. वाचनात फिरता रंगमंच म्हणजे त्या एका वाचकाचा घसा. ते पाचही एकालाच द्यायचे. उलट साक्षीदारांची गर्दी एकामागून एक कोर्टात येते, त्यातले दोन-दोन, तीन-तीन एका वाचकाकडे सुखानं जातात. म्हणजे नेमकं जिथे वाटायला नको तिथे त्यांनी वाटलं होतं.

मोठी भूमिका फोडून दोघांना देणं चालतं का? चालतं, पण अंक बदलतानाच, प्रवेशाच्या मध्ये कधीच नाही. आणि जोडीतली दुसरी जागा स्थिर ठेवायची. 'नटसम्राट' (१९७०) वाचताना सगळ्या पुरुषांना अप्पासाहेब बेलवलकर व्हायचं असतं. होऊ द्या, अंकागणिक वेगळे अप्पा चालतील. पण कावेरी एकच ठेवा. ती त्याच आवाजात, त्याच मायेनं समोरच्याशी बोलत राहिली की ऐकणारा नव्या माणसालाही अप्पा म्हणून स्वीकारतो. आम्ही हे करून पाहिलंय. उलट अप्पा एक आणि कावेरी बदलत्या, असंही एकदा झालं. तेव्हा अप्पांनी दोन लग्नं केल्यासारखं वाटलं.

वयाचं आणि बाई-पुरुषाचं फार मनावर घेऊ नका. ज्या गावात जंगली महाराज रस्त्यावर १९६८ पासून बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे, त्या गावात पुरुषानं सिंधू किंवा शारदा वाचावी का, यावर चर्चा करायची म्हणजे कमालच. तुमच्या काकांना सोळा वर्षांची मुलगी आली तेव्हा सगळे हसले ते काकांच्या वयाला नाही. काकांनी आवाज किनरा केला असणार. वय पट्टीत नसतं. तरुण माणूस विचार पुरा व्हायच्या आत बोलून मोकळा होतो, म्हातारा आधी शब्द निवडतो. एवढं सांभाळलं तर अठ्ठ्याहत्तरच्या आजी 'शारदा'मधली शारदा वाचू शकतात. आमच्याकडे वाचली आहे, आणि भुजंगनाथ पस्तिशीच्या मुलाकडे होता. डोळे मिटून ऐका, कुणाला शंका येत नाही.

अडखळत वाचणाऱ्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अकरा जणांत एक-दोघे असणारच. कुणाला मोतीबिंदू, कुणाचं शिक्षण इंग्रजीतून झाल्यानं जोडाक्षरं जड, कुणाची नुसतीच भीड. अशांना दयाबुद्धीनं तुटक वाक्यांची भूमिका देतात. तीच सर्वांत अवघड! कारण दर वेळी पानावरची जागा शोधा, आपली पाळी ओळखा, दोन शब्द बोला, पुन्हा हरवा. त्यापेक्षा त्यांना एखादा लांब पल्ला द्या. घरी दहादा वाचून येतात, जागा सापडण्याची धास्ती नसते, आणि एकदा सुरू झाले की कुणी मध्ये तोडत नाही. आमच्या गटातल्या एक बाई पहिलं वर्षभर "कोण आहे?" आणि "चहा आणू?" यावर अडखळत होत्या. त्यांना 'एकच प्याला'तलं एक मोठं भाषण दिलं. गडकऱ्यांची वाक्यं म्हणजे श्वासाची परीक्षा, पण त्यांनी शिसपेन्सिलीनं श्वासाच्या जागा आखून आणल्या होत्या. त्या दिवशी त्या एकदाही थांबल्या नाहीत.

समूहाच्या भूमिका असलेली नाटकं मोह घालतात, कारण सगळ्यांना तोंड उघडायला मिळतं. 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झालं ते इथेच, भरत नाट्य मंदिरात, १६ डिसेंबर १९७२ला. त्यामुळे पुणेरी गटाला ते वाचावंसं वाटतंच. पण ब्राह्मणांची ती रांग अकरा जणांनी एकदम वाचली की शाळेतली पाढ्यांची तासिका होते. एकानं ओळ टाकायची, तिघांनी उचलायची, बाकीच्यांनी शेवटचा शब्द धरायचा. गाणारं आणि ठेका धरणारं कुणी नसेल तर हे नाटक तूर्त ठेवून द्या. 'महानिर्वाण'चंही तेच. मेलेले भाऊराव कीर्तनाच्या ढंगात बोलतात. ज्याला कीर्तनाची लय अंगात नाही त्याच्याकडे ते गेले की खरोखरच मरतात.

राहिला रुसव्याफुगव्यांचा प्रश्न. चिठ्ठ्या बंद करा. चिठ्ठी न्याय देते पण कान देत नाही. मतदानही नको, त्यात कंपू होतात. आमच्याकडे दर महिन्याला एक जण वाटप करतो, पाळीपाळीनं. प्रत्येकानं त्याला घडी घातलेला कागद द्यायचा: दोन भूमिका आवडीच्या आणि एक नको असलेली. नको का, ते विचारायचं नाही. वाटप करणाऱ्यानं ते चौकटींचं पान समोर ठेवून जोड्या लावायच्या आणि स्वतः शेवटी उरेल ते घ्यायचं. वाढप्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. त्याचा निर्णय महिनाभर अंतिम. तक्रार असेल तर पुढच्या महिन्यात वाढपी व्हा. आणि एकदा मोठी भूमिका वाचली की पुढच्या दोन वाचनांत दाट चौकटीतली जागा मिळणार नाही. ही नोंद वहीत लिहून ठेवा, तोंडी ठेवू नका. आपल्या स्मरणशक्तीला स्वतःच्या लहान भूमिका तेवढ्या लक्षात राहतात.

ती 'नको' असलेली भूमिका कुठून आली ते सांगते. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचत होतो. नाटकाची कल्पना तुम्हाला माहीत असेल: गावी प्रयोगाला आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, गमतीगमतीत भूमिका वाटतात, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि गंमत बघता बघता त्यांच्या खऱ्या आयुष्यावर येऊन पडते. वाटणीतूनच छळ सुरू होतो, असं नाटक दुसरं माझ्या वाचनात नाही. मी आवाज बघून बेणारे एका सभासद बाईंना दिली. विचारलं नाही. आवाज नेमका होता, त्यांनी सुरुवातही सुरेख केली. शेवटच्या अंकात बाकीचे साक्षी देत सुटतात आणि बेणारे बराच वेळ गप्प असते, तिथे त्यांनी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. कारण मला नंतर कळलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर पात्रपरिचयाचं पान होतं, पण ज्यांना ती भूमिका दिली त्या बाईंकडे मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून तो कागद.

त्याच नाटकाचं तांत्रिकही सांगून टाकते. गप्प असलेल्या पात्राच्या वाचकानं पुस्तकात बोट घालून ओळी मागे-पुढे शोधत बसू नये. पुस्तक मांडीवर पालथं ठेवावं, बोलणाऱ्याकडे बघावं. पाळी आली की शेजाऱ्यानं हलकेच कोपर लावायचं. गप्प बसणंही वाचनात ऐकू येतं.

बाकीचं भराभर. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर पानांचे क्रमांक जुळत नाहीत आणि "कुठं आहोत आपण?" हाच मुख्य संवाद होतो. अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरलात तर प्रती मिळतात. एकमेकांशी जास्त बोलणाऱ्या जोड्या शेजारी बसवू नका, समोरासमोर बसवा. शेजारी बसलेली माणसं मान खाली घालून वाचतात. कंसमामा दाराच्या बाजूला. संगीत नाटकात पदांची पहिली ओळ मामांनी सांगावी, गाता येणाऱ्यानं दोन ओळी म्हणाव्यात आणि पुढे जावं. मैफल करायची तर तिचा वेगळा दिवस ठेवा. घरच्या घरी वाचताय तोवर कुणाची परवानगी काढत बसायला नको. पण गणपतीत मांडवात जाहीर अभिवाचन ठेवणार असाल, तिकीट असो वा नसो, तर आधी लेखकाची किंवा हक्कधारकाची परवानगी घ्या. पत्ता बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेला असतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. त्यामुळे 'शारदा'चे देवल, गडकरी मोकळे आहेत. एलकुंचवार, तेंडुलकर नाहीत.

शेवटी दादी. तुमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर बाईंना आपोआप दादी मिळेल आणि त्या "एवढीशीच भूमिका" म्हणून हिरमुसतील. ती वाक्यं थोडी असली तरी किती पानांवर विखुरली आहेत ते त्यांना दाखवा. दादी आपल्या खोलीतून अधूनमधून वेळ विचारत राहते. बाकीच्यांचं भांडण, हिशोब, रडणं चालू असतं आणि मधेच ती विचारते. तिला गोलात बसवू नका. सगळ्यांच्या पाठीमागे, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची द्या, म्हणजे आवाज वाड्याच्या आतून आल्यासारखा येईल. आवाज कापरा करायचा नाही. रोज विचारतो त्या सुरात विचारायचं.

आणि त्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ आधी उतरवून ठेवा. आमच्या वाचनाला दादीनं दुसऱ्यांदा वेळ विचारली, तेव्हा ऐकायला आलेल्या एका आजोबांनी मान वर करून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "सव्वासात झाले हो." कुणी हसलं नाही. भास्करनं पुढचं वाक्य घेतलं.